सटवाची तांबडी रेघ

नदीच्या वळणावर डोहवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात सटवा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? लग्नात सासऱ्यानं एक म्हैस दिली आणि "हिला पोरीसारखी सांभाळा" असं सांगितलं. सटवानं दुसऱ्याच दिवशी म्हशीच्या शेपटीची वेणी घातली आणि वर अबोलीचा गजरा माळला. त्याची बायको हौसा तेव्हापासून कपाळाला हात लावून होती.

गेल्या साली डोहवाडीत पूर शिरला तेव्हा कुणालाच वेळेवर कळलं नव्हतं. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे माळावर पळाले. म्हणून यंदा सरपंच आबांनी ठरवलं की, गावावर कसलंही संकट आलं तर खबर द्यायला एक माणूस नेमायचा. त्याला सुगीला घरटी पायलीभर जोंधळा द्यायचा. पण सगळ्यांना आपापली शेतं होती. मोकळा असा एकटा सटवा होता.

"सटवालाच नेमा," कुणीतरी म्हणालं. "एकदा सांगितलं की इसरत न्हाई गडी."

हे मात्र अगदी खरं होतं. सटवा सांगितलेलं कधीच विसरत नसे. सगळी पंचाईत त्यातूनच व्हायची.

हौसानं त्याला घरी बजावलं, "अवं, आजवर तुमचं एक काम टिकलं न्हाई. हे बी गेलं, तर मी माझी म्हस सोडून घेती नि माहेरी जाती. मग बसा एकटंच."

सटवा घाबरला. त्याला हौसाही हवी होती आणि म्हैसही हवी होती. दोघींपैकी कोण जास्त, हे त्याला कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

आबांनी त्याच्या गळ्यात हलगी अडकवली आणि त्याला घाटावर नेलं. तिथं एका धोंड्यावर तांबडी रेघ मारली होती.

"पाणी ह्या रेघेला लागलं की हलगी वाजवायची. गाव माळावर जाईल. आलं ध्यानात?"

"आलं," सटवा म्हणाला.

आणि ते खरोखरच ध्यानात राहिलं.

चैत्राचं ऊन होतं. नदीत पाणी असं नव्हतंच, एक डबकं होतं आणि त्या डबक्यात सटवाचीच म्हैस बसली होती. दुपारी ती उठली, काठावर आली आणि तिनं अंग झाडलं. चार थेंब रेघेवर उडाले. सटवानं वाकून बघितलं. रेघ ओली झाली होती. त्यानं हलगी बडवली.

गाव माळावर पळालं. कुणी पीठ मळता मळता पळालं, कुणी एका गालाची दाढी करून पळालं. माळावरून सगळ्यांनी नदीकडं बघितलं, तर नदीच्या मधोमध कोंबड्या फिरत होत्या.

आबा खाली आले. "सटवा, म्हशीनं उडवलेलं पाणी म्हंजी पूर व्हय रं? आधी नीट बघावं. चार माणसांना इचारावं. मग हलगीला हात लावावा. आलं ध्यानात?"

"आलं."

आठवडाभरात यशवंताच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सटवानं ती सगळ्यांच्या आधी बघितली. तो धावत न्हाव्याकडं गेला.

"नाना, ही आगच हाय न्हवं?"

"आग तर हाय की रं. पळ, पळ."

"एक झाला," सटवा म्हणाला आणि पाणवठ्यावर गेला. तिथल्या म्हातारीनंही आगच आहे म्हणून सांगितलं. "दोन झाली." तेवढ्यात समोरून घागर घेऊन यशवंता पळत येताना दिसला. सटवानं त्याला धरून ठेवलं.

"यशवंता, घाई नगं. ही आगच हाय न्हवं?"

"अरं, गंज माझीच हाय. सोड मला."

"तीन झालं."

चौथा माणूस काही मिळेना. जो तो आग विझवायला गेला होता आणि विचारायला गावात कुणी उरलंच नव्हतं. शेवटी सटवा पलीकडच्या वाडीत गेला. तिथं एका पाहुण्याला बांधावर आणून, लांबून धूर दाखवून त्यानं खात्री करून घेतली. परत आला आणि राखेच्या ढिगापुढं उभं राहून त्यानं झकास हलगी वाजवली.

यशवंता त्याच्या अंगावर धावून गेला. आबांनी त्याला आवरलं आणि ते सटवाला म्हणाले, "अरं, संकट डोळ्यांनी दिसतंय तर इचारत काय बसतोस? घराघरात शिरायचं. असतील तशी माणसं भाईर काढायची आणि मोकळ्यावर आणायची. आलं ध्यानात?"

"आलं."

वैशाखात एक दिवस आभाळ काळंभोर झालं आणि गारा पडायला लागल्या. लिंबाएवढ्या गारा. सगळे आपापल्या घरात सुखरूप होते. सटवानं संकट डोळ्यांनी बघितलं. कुणालाही विचारलं नाही. तो घराघरात शिरला.

म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यानं पाठुंगळीला घेतलं, बाळंतिणीला बाजेसकट उचललं. सगळ्यांना शाळेपुढच्या मैदानात आणून रांगेत उभं केलं. आबा तेव्हा न्हाणीत होते. सटवानं त्यांना तिथूनही काढलं. आबा अंगाला साबण लावून, कमरेला पंचा गुंडाळून मैदानात उभे राहिले आणि वरून त्यांच्या टकलावर गारा वाजायला लागल्या. हलगीपेक्षा तो आवाज बरा होता, असं नाना न्हावी पुढं कितीतरी दिवस सांगत असे.

गावात टेंगूळ नाही असं डोकं उरलं नाही. आबांच्या डोक्यावर तर टोपीच बसेना.

"काम काढून घ्या ह्याच्याकडनं," यशवंता म्हणाला.

हौसा डोक्यावरची टेंगळं चाचपत पुढं आली. "आबा, एकडाव समजावून सांगा. ते इसरत न्हाईत." तिला माहेरी जायचं नव्हतं. तिथं भावजय होती.

आबांनी मोठा श्वास घेतला. "सटवा, वरनं काय पडाय लागलं की माणसाला छपराखाली घालायचं. दार लावायचं. भाईरनं कडी घालायची. कुणी कितीबी वरडलं तरी सोडायचं न्हाई. आलं ध्यानात?"

"आलं," सटवा म्हणाला.

ज्येष्ठात एका सकाळी भुई हलली. मोठा भूकंप नव्हता. मांडणीवरची भांडी वाजली आणि आबांच्या छपरावरची दोन कौलं खाली आली. लोक शहाणे होते, ते आपण होऊन घराबाहेर पळाले.

सटवानं पडलेली कौलं बघितली. वरून काहीतरी पडायला लागलं होतं.

त्यानं सगळ्यांना ढकलून घरांत घातलं. दारं लावली, बाहेरून कड्या घातल्या. आबा खिडकीतून ओरडले, "सटवा, भुई हालतीया रं, सोड." सटवा नम्रपणे म्हणाला, "आबा, तुमीच सांगितलंय, कितीबी वरडलं तरी सोडायचं न्हाई."

नशिबानं भुई पुन्हा हलली नाही. पण कड्या कधी काढायच्या, हे सटवाला कुणी शिकवलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत गाव कोंडलेलं राहिलं. शेवटी शेजारगावचा दूधवाला आला आणि त्यानं दारं उघडली.

आबांचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता ह्यो शेवट. मी तुला नवं काय शिकवत न्हाई. आग लागू दे, गारा पडू देत, तू जागचा हालू नगंस. नुस्ती रेघ बघत बस. पाणी रेघेला लागलं तर वाजव, न्हाई लागलं तर गप बस."

"पर आबा, रेघेचा धोंडा नदीत गेला की. भुई हालली तवा गडगडला."

"मग नवी मार. पर अशा जागी मार की कितीबी मोठा पूर येऊ दे, ती रेघ बुडता कामा न्हाई."

म्हशीच्या चार थेंबांनी पुन्हा हलगी वाजू नये, म्हणून आबांच्या मनात देवळाची उंच दीपमाळ होती. पण त्यांचा घसा दुखत होता, म्हणून त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

सटवा तांबड्या रंगाचा डबा घेऊन गावभर फिरला. गेल्या साली काय काय बुडालं होतं ते त्यानं आठवून बघितलं. घाट बुडाला होता. पार बुडाला होता. शाळा बुडाली होती आणि दीपमाळही गळ्यापर्यंत गेली होती. सगळ्या गावात बुडाली नव्हती ती एकच वस्तू, काहील. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई. पुराच्या दिवसांत तीच पाण्यात सोडून लोक नदी ओलांडत. सध्या ती घाटावर दोरानं बांधून ठेवली होती.

सटवानं काहिलीच्या बाहेरच्या अंगाला, काठाच्या थोडं खाली, गोल फिरवून तांबडी रेघ मारली.

"मारलीस रेघ?" आबांनी विचारलं.

"मारली."

"बुडणार न्हाई न्हवं?"

"कितीबी पूर येऊ दे आबा. बुडायची न्हाई."

"शाब्बास," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सटवाला कुणी शाब्बास म्हणालं होतं. त्याचा ऊर भरून आला. जीव गेला तरी रेघेवरची नजर काढायची नाही, असं त्यानं ठरवलं आणि हलगी घेऊन तो काहिलीतच जाऊन बसला.

श्रावणात पाऊस लागला. नदी चढली. सटवानं काठावरून वाकून बघितलं. पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. नदीनं घाट गिळला. पाणी चार बोटं खाली. नदीनं पार गिळला. पाणी चार बोटं खाली. दोर तुटला आणि काहील तरंगत तरंगत गावात शिरली. एका बाजूनं शाळा गेली, दुसऱ्या बाजूनं यशवंताचं छप्पर गेलं. सटवानं मान वर केली नाही. पाणी चार बोटं खाली होतं.

गाव वाचलं ते म्हशीमुळं. गोठ्यात पाणी आलं तशी ती हंबरायला लागली. तिच्या हंबरण्यानं हौसा उठली, हौसाच्या ओरडण्यानं गाव उठलं आणि पोराबाळांसकट सगळे माळावर पोचले. सटवा तेवढा कुठं दिसला नाही. हौसा म्हशीच्या गळ्यात पडून रडायला लागली. "भोळा व्हता, पर माझा व्हता," ती म्हणाली. आबांनी डोळे पुसले. यशवंतानंसुद्धा पुसले.

तेवढ्यात माळाच्या कडेला खण्णकन आवाज झाला. काहील येऊन खडकाला टेकली होती. आत सटवा ओणवा होऊन रेघ बघत होता.

त्यानं मान वर केली. सगळं गाव बोचकी घेऊन माळावर उभं होतं. त्याला वाईट वाटलं.

"आबा, हलगी वाजली न्हाई तर तुमी माळावर आलासा कसं? पाणी अजून चार बोटं खाली हाय. चला घरला."

आबांनी खाली बघितलं. घरं दिसत नव्हती. मग त्यांनी काहिलीकडं बघितलं, तांबडी रेघ बघितली, आणि ते मटकन खाली बसले.

हौसाला मात्र कशाचंच भान नव्हतं. ती पळत आली आणि तिनं काहिलीत उडी घेतली. तिच्यामागं म्हैसही आली. म्हशीनं पुढचे दोन पाय काहिलीत ठेवले आणि काहील कचकन खाली दबली.

पाणी रेघेला लागलं.

सटवानं हलगी उचलली आणि जीव तोडून बडवली. "पूर आला. माळावर पळा. पूर आला."

माळावरचे लोक माळावरच उभे राहिले. हौसानं हलगी हिसकावली. म्हैस बिचकून मागं सरली, तिच्यापाठोपाठ हौसाही खाली उतरली आणि काहील पुन्हा वर आली. सटवानं वाकून बघितलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

तो आनंदानं उभा राहिला. "हौसा, काम टिकलं बघ. पाणी लागलं तवा वाजवली, न्हाई लागलं तवा गप बसलो. सांग, कुठं चुकलं?"

आबा उठले. टकलावरून हात फिरवत त्यांनी सांगायला तोंड उघडलं, "सटवा, हे बघ, रेघ जी असती ती..."

हौसानं त्यांचे पाय धरले. "नगं आबा. तुमच्या पाया पडती, आता ह्यांला काय शिकवू नगा. ह्यांच्या ध्यानात ऱ्हातंय."

आबांनी तोंड मिटलं. पण सटवाला शिकवायला आता कुणी लागत नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं होतं. तो सगळ्या गावाकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "मंडळी, पूर कशानं येतोय ते घावलं. उद्यापासनं आमच्या हौसानं नि म्हशीनं काहिलीत चढायचं न्हाई. मग डोहवाडीला जन्मात पूर येत न्हाई."