पाणी उतरवलेला सत्तूर

आमची कुंदा गोवराने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी देवीला बोलले होते, "पोर उठून अंगणात खेळू लागली, की दर मंगळवारी कुणाला तरी एक गोष्ट सांगीन." कुंदाला आता स्वतःची पोरं आहेत, पण माझा मंगळवार चुकत नाही. आज तुमची पाळी. ऐका.

एका गावात एक सुगरण होती. नवरा गलबतावरून सुखरूप परतला, तर देवीला फणसाची भाजी आणि गावच्या पोरांना जेवण, असा तिचा नवस होता. नवरा परतला. नवस फेडायच्या दिवशी तिने आपल्या मनाने निर्जळीही धरली आणि सकाळीच लोहाराकडे नवा सत्तूर करून घ्यायला गेली.

लोहार म्हणाला, "वैनी, फणसाला पातळ धार लागते, नारळाला जाड. टोकाकडं पातळ घासतो, मुठीकडं जाड ठेवतो."

"नको, सगळा पातळ करा. थांबा, जाडच बरा. नाही हो दादा, पातळच! आणि चांगला कडक."

ती एका जागी उभी राहीना. लोहाराने पातं घासलं, लाल तापवलं आणि पाण्यात बुडवलं. चर्र आवाज झाला.

"झालं ना? द्या."

"आत्ता तर नुसतं पाणी दिलंय. आता निखाऱ्यावर जरा शेकून पाणी उतरवायचं, म्हणजे कडकपणा बेताचा होईल."

"उतरवता कशाला? कडकच हवाय मला!" तिने घाईघाईने धार लावून घेतली आणि सत्तूर घेऊन निघाली.

फणस लोण्यासारखा चिरला गेला. भाजी रटरटू लागली. वर घालायला खोबरं हवं, म्हणून तिने चुलीशेजारीच नारळावर घाव घातला. टिंग! धारेचा टवका उडाला आणि थेट पातेल्यात.

तिने डावाने ढवळलं, चाळणीने शोधलं. सापडेना. दारात पोरं हात धुऊन उभी. "काकू, वाढताय ना?"

शेजारीण कुजबुजली, "इवलासा तर तुकडा. वाढ गं, नवस मोडेल."

तिने डाव उचलला. समोरच्या पोराने आ वासला होता. तिने डाव खाली ठेवला. "बाळांनो, दिवेलागणीला या," म्हणाली, आणि सगळी भाजी परसात खड्डा करून पुरली.

मग रडतच लोहाराकडे गेली. लोहारणीने तांब्या पुढे केला.

"नको मावशी, निर्जळी आहे."

"देवीला बोलली होतीस निर्जळी?"

"नाही... ती माझी मीच धरली."

"मग आधी घशाखाली पाणी उतरव. पात्याचं हे उतरवतील."

ती ओट्यावर बसून घोट घोट पाणी प्याली. लोहाराने तुटकी धार घासून काढली. या वेळी टोकाकडे पातळ, मुठीकडे जाड. मग पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत ते निखाऱ्यावर शेकलं. लोहारणीने परसातला फणस दिला. दिवेलागणीला नारळ फुटला, धार शाबूत राहिली आणि पोरं बोटं चाटत जेवली.

तात्पर्य: कामापुरता कडकपणा धार टिकवतो, त्यापेक्षा जास्त झाला की धार मोडतो, पात्याची आणि माणसाचीही.

तर बाई, येत्या मंगळवारी तुम्हीही ही गोष्ट कुणाला तरी सांगा. आणि सांगायला बसण्याआधी घोटभर पाणी प्या हं.