वराहाचे हृदय आणि रक्ताचे पहारेकरी

एका राज्यात राजापेक्षा राजकन्येचा शब्द मोठा होता, आणि राजाला त्याचे कौतुकच होते. राजकन्येचे नाव इरावती. एकदा मांत्रिक विकटनाथाच्या दाढीत चिमणीने घरटे केलेले पाहून ती खळखळून हसली. मांत्रिक भडकला.

"तुझं हृदय काचेचं होईल," तो म्हणाला, "आणि परकं हृदय आणलंस तर तुझंच रक्त ते फाडून टाकील."

तसेच झाले. काचेला तडा गेला, राजकन्या अंथरुणाला खिळली, राजाच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा रानातला म्हातारा वराह महाद्वारी आला.

"माझे दिवस भरले, राजा. हृदय मात्र ठणठणीत आहे. पोरीला द्या."

राजवैद्या हैमवतीने राजकन्येच्या रक्ताचा थेंब तबकात घेऊन पाहिला. त्यात भालाईत पहारेकरी फिरत होते.

"हे परक्याला जिवंत ठेवायचे नाहीत," ती म्हणाली.

"मग झोपवा त्यांना!" राजा ओरडला.

राजेलोकांचे असेच, पाहुणा यायचा म्हणून दरवाजाच उखडून ठेवतील. पहारेकरी झोपले आणि साधी सर्दी आत शिरून राजकन्येच्या जिवावर उठली. त्यांना घाईघाईने जागे करावे लागले.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "पहारा असू द्या. परक्याला घरचं करा. कामं तीन आहेत."

वराहाच्या कुळाची एक साखर त्याच्या हृदयाला चिकटलेली असते, तिच्यावरून पहारेकरी परका ओळखतात. हैमवतीने त्याला चांदण्याच्या तळ्यात बुडवले. साखर विरघळली.

"चला, मुंग्यांचा त्रास गेला," वराह म्हणाला.

मग तिने राजकन्येच्या रक्ताने त्याच्या छातीवर राजकुळाची खूण काढली. ती कातडीतून उतरून हृदयावर उमटली.

तिसरे काम अवघड. राजकन्येच्या छातीत नव्या पहारेकऱ्यांची शाळा भरते, तिथे वराहाच्या रक्ताचा एक कण विद्यार्थी म्हणून बसवायचा होता. हैमवती मोहरीएवढी होऊन त्याला घेऊन आत गेली. पंतोजी अडून बसले.

"रानटी पोर आमच्या शाळेत नको!"

"राजकन्या गेली तर शाळा कुठे भरवाल, पंतोजी?"

पंतोजींनी बाकावर जागा करून दिली. कण तिथे बसला आणि पोरे त्याच्याशी खेळत मोठी झाली.

मग वराहाने शांतपणे डोळे मिटले आणि त्याचे हृदय राजकन्येच्या छातीत बसले. भालाईत धावून आले. जुन्यांनी खूण पाहिली, तरुण म्हणाले, "अहो, हा तर आपल्यातलाच!" भाले खाली आले. हृदय धडधडू लागले, शाप उतरला, आणि विकटनाथाची विद्या त्याच क्षणी आटली.

बरी होताच राजकन्या रानात गेली, वराहाच्या म्हाताऱ्या बायकोकडे. म्हातारीने तिच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकले.

"अगं बाई! अजून तस्सेच धावत सुटलेत," ती म्हणाली. "जन्मभर सांगत आले, जरा दमानं घ्या म्हणून!"

राजकन्येने तिच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी डोळे पुसत खूप वेळ हसत राहिल्या.