वरचा मेनू जुना

“मग आत काय आहे, रे?” भागूमायनं विचारलं.

“आत सगळं नवं, माय. वरचा मेनू तेवढा जुना.”

परशराम मठाचं कार्यालय सांभाळायचा. कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम आली आणि कारकुनांचे हातपाय गळाले. छापायचं कुठं, पावती काढायची कुठं, काही गवसेना. परशरामनं जुने मेनू शोधून परत बसवले. तेव्हापासून त्याची छाती सदऱ्यात मावत नव्हती.

“कारकुनांना कळलं?”

“छे. जुनंच आलं म्हणून खूश आहेत.”

“म्हणजे वरून कीर्तन...”

पुढचं मायनं गिळलं.

मठाची गादी तिची होती. दसऱ्याला विश्वस्तांनी तिला उठवलं, तरुण महंत बसवला आणि म्हातारीला गोठ्यामागच्या खोलीत ढकललं. भर सभेत ठराव वाचून दाखवला तो या परशरामनंच. तिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. वाचताना जीभ अडखळलीसुद्धा नाही मेल्याची.

“बोल आता. उगाच नाही आलास.”

“लोक तुटायला लागलेत, माय. म्हणतात, मठ आपला वाटत नाही. तुम्ही नुसतं गुरुवारी गादीवर येऊन बसा. बोलायचं काही नाही. कारभार आतून महंत बघतील.”

“कॉम्प्युटरला केलंस तसं.”

परशराम हसला. “तसंच समजा.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर विश्वस्त मला ठेवायचे नाहीत, माय. मी शब्द देऊन आलोय.”

“माझा शब्द. तू देऊन आलास.”

पलीकडं गाय रवंथ करत होती.

माय उठली. पायातल्या खडावा काढल्या, पदरानं पुसल्या आणि त्याच्या ओंजळीत ठेवल्या.

“घे. या ठेव गादीवर.”

निखारा पडल्यागत त्यानं ओंजळ अंगापासून लांब धरली.

“माय, असं कसं? गुरू गेल्यावर ठेवतात खडावा गादीवर. जित्या गुरूच्या ठेवत नाहीत.”

“ठाऊक आहे की.”

“मग?”

माय अनवाणीच दारापर्यंत गेली. त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

“मला वाटलं, त्याच न्यायला आलास.”