चिंधाबाईचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, आणि जो नेमकं सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी ऐकलं तसं सांगते. पटलं तर घ्या.

आसणवाडीच्या डोक्यावर मोहळकडा आहे. त्या कड्याला आग्या मोहळाची पोळी लटकतात, आणि वाडी जगायची ती त्या मधावर. होळीनंतर मध काढायचा, बाजारात नेऊन त्याचं धान्य आणायचं आणि त्यावर पावसाळा काढायचा. मध नाही तर भादव्यात चूल नाही, इतकं ते सरळ होतं.

मध काढायला एकाला दोरानं बांधून कड्यावरून खाली सोडत. वर दोर धरायला बरेच जण असत, पण सगळ्यांत पुढचा हात त्याच्या बायकोच्या भावाचा. बहिणीचं कुंकू कुणी आपल्या हातानं पुसत नाही, म्हणून. बघा, सोयरिकीतसुद्धा आधी संशयच! आणि दोराला हात लागला की कुणी अवाक्षर काढायचं नाही. बोललं की माश्या उठतात, असं म्हणतात. माश्यांचे कान मात्र कुणी पाहिले नव्हते.

दुंदा हा या दोरकऱ्यांचा नाईक. एका वर्षी तो खाली उतरला आणि जिवंत वर आला नाही. दोर धरला होता त्याच्या बायकोच्या, चिंधाबाईच्या, सख्ख्या भावानं, कोंडूनं. दोर तुटला नव्हता. हातातून सुटला होता.

मग वाडीत कुजबुज सुरू झाली. कोंडूचं आणि दुंदाचं बैलावरून वाजलं होतं, हे कुणाला तरी आठवलं. कोंडू मौतीला रडला नाही, हे दुसऱ्याला आठवलं. रडला असता तरी बोलले असतेच म्हणा. कोंडूनं तर तोंडच शिवून घेतलं. पुढची होळी झाली, पोळी मधानं भरली, पण उतरायला कुणी तयार होईना. जो तो म्हणे, माझा मेहुणा चांगलाच आहे, पण माणसाचं काय सांगावं. मध कड्यावर राहिला आणि घरातल्या कणग्या तळाला गेल्या.

तेव्हा चिंधाबाईनं नवऱ्याचं नाईकपण स्वतःच उचललं. कुणी दिलं नाही, आणि नको म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही. ती सगळ्यांना कड्यावर घेऊन गेली. लोकांना वाटलं, ही आता भावाला खाली ढकलणार. बायका पोरांना घेऊन मागे सरकल्या.

तिनं दोर स्वतःच्या कमरेला बांधला. दुसरं टोक कोंडूपुढे टाकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "कोंडू, मला तुजा संशव येतो. जेवताना येतो, झोपताना येतो. आन खाली जायची मला भीती वाटतीया. हे पोटात ठिवून मी उतरनार न्हाय. आता तुज्या पोटातलं बोल."

नाईकानं आपली भीती बोलून दाखवावी, असं कुणी ऐकलं नव्हतं. म्हातारे म्हणाले, संपलं, आता हिचं कोण ऐकणार?

कोंडू म्हणाला, "अक्का, माशी डोळ्याला डसली व्हती. हात सुटतोय हे मला कळत व्हतं. सांगितलं असतं तर मागच्यांनी दोर आवळला असता. पर दोरावर बोलायचं न्हाय, म्हून मी बोललो न्हाय." एवढं बोलून तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला.

मग दुसरा बोलला, की त्यानं कोंडूचा हात ढिला पडताना पाहिला होता, आणि तोही गप्पच राहिला. तिसरा म्हणाला, त्याचा दुंदावर राग होता, त्यामुळे त्याचं दोरात मन नव्हतं. सगळे खरं बोलले की नाही, देव जाणे.

चिंधाबाईनं त्यांना माफ केलं असं काही गोष्टीत नाही. "राग अजून हाय," ती म्हणाली, "पर आता कुनाच्या हातात काय हाय ते ठावं झालं. धरा." आणि ती उतरली.

ती निम्म्या कड्यावर होती तेव्हा एक माशी पुन्हा कोंडूला डसली, या खेपेला मनगटाला. कोंडू दरी घुमेल एवढ्यानं ओरडला, "हात सुटतोय!" मागच्यांनी झेप घालून दोर आवळला. आता माश्या उठणार म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. पण एकही माशी उठली नाही. उलट त्या घोंगडीसारख्या चिंधाबाईच्या खांद्यावर बसल्या, एकीनंही नांगी मारली नाही, आणि मध आपोआप तिच्या भांड्यात गळू लागला, असं म्हणतात. मला शंका आहे. आग्या मोहळ कुणाचं भलं करायला बसत नाही. पण बाई जिवंत वर आली आणि त्या भादव्यात वाडीतल्या चुली पेटल्या, एवढं मी मानते.

कोंडूवरचा तिचा संशय पुरता कधीच गेला नाही म्हणे. तरी मरेपर्यंत तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दोर दिला नाही.

आजही मोहळकड्यावर दोर बांधण्याआधी सगळे गोल बसतात. पहिल्यांदा नाईक बोलतो. आज कशाची भीती वाटते, कुणाचा राग आहे, सगळं सांगतो. मग एकेक जण बोलतो. याला तिथं 'चिंधाबाईला सांगणं' म्हणतात. कधी त्यातून भांडणं होतात आणि त्या दिवशीचा मध राहून जातो. एखादा हसून म्हणतो, माझ्या मनात काहीच नाही. त्याला कुणी बोल लावत नाही. फक्त त्याच्या हातात दोर देत नाहीत.