शेळीचं वळण

घाटात मोटारी यायच्या आधीची गोष्ट. म्हाताऱ्या पायवाटेजवळ नवी सडक येऊन ठेपली. "आजी, तुला आखलं कुणी?" तिनं ठसक्यात विचारलं.

पायवाटेला जुने दिवस आठवले. "पहिलं वळण एका शेळीनं काढलं. मोळीवाल्या बायकांनी चढ सोपा केला. ज्याला दगड टोचला, त्यानं तो बाजूला सारला."

"म्हणजे कुणीच नाही. मला मोठ्या साहेबानं आखलंय."

पण साहेबाची रेघ कड्याशी अडली. जितकं खणावं, तितकी दरड कोसळायची. शेवटी साहेब पायवाटेनं वर चढला आणि शेळीच्या वळणावरच त्यानं खुंटी ठोकली.

सडक त्याच वाटेवरून गेली. डांबराखाली पडल्या पडल्या पायवाट जुनी पावलं आठवत राहिली.

पुष्कळ वर्षांनी शेजारी महामार्ग आला. "तुला आखलं कुणी?" त्यानं सडकेला विचारलं. पायवाटेनं कान टवकारले.

सडक म्हणाली, "पहिलं वळण एका शेळीनं काढलं."