मुकी पायरी

कोळवणीच्या वेशीजवळ ही झिजलेली पायरी दिसते ना, तिच्यावर बसून कोणी भीक मागायची नाही. गप्प बसायचे. मागणाऱ्याने तोंड उघडायच्या आत गावाने वाढायचे. ऐकायला गोड वाटते, पण यामागची गोष्ट गोड नाही.

फार पूर्वी हौसा नावाची एक मागतकरीण होती, म्हणे. तिच्या जिभेवर साखर होती. दारातली गाय, पाळण्यातले मूल, दिसेल त्याला ती भरभरून आशीर्वाद देई. आधी आशीर्वाद, मग भिक्षा, ही त्या लोकांची रीतच.

दुष्काळाच्या साली ती चार दिवसांपासून उपाशी असलेली लेक, कोंडी, कडेवर घेऊन इथे आली. तेव्हा ही पायरी रखमाजी पाटलाच्या दाराची होती. घरात कणग्या भरलेल्या आणि पाटील सुपारी कातरत बसलेला.

"धनी, तुमच्या डेऱ्यांत दूध मावू नये, नातवंडांनी अंगण भरावं. लेकराला घासभर वाढा."

"वा! आणखी म्हण."

हौसा म्हणत राहिली. घसा सुकला, तरी घासाच्या आशेने म्हणत राहिली. चार माणसे जमली, माना डोलावू लागली. उपाशी बाईच्या तोंडून फुकटची करमणूक! मेल्यांना जनाची नाही, मनाचीही लाज वाटली नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा मांडीवरची कोंडी गार पडली होती.

हौसाने शाप दिला नाही, असे सांगतात. ती उठून एवढेच म्हणाली, "माझं मला माघारी द्या. दूध दिलं हुतं, ते घेतलं. नातवंडं दिली हुती, ती घेतली."

पाटील सूप भरून धावला.

"आता कुणाला भरवू, धनी?" असे म्हणून तिने पोरीला उचलले आणि निघून गेली.

त्या दिवसापासून गावात दूध विरजेना. पाटलाची बायको सगुणा रोज सूप भरून पायरीवर उभी राहू लागली. तिसऱ्या वर्षी हौसा आली. एक शब्द बोलली नाही. सगुणेने तिच्या पदरात जोंधळे ओतले आणि दुसऱ्या सकाळी घरोघर दही लागले. पाटलाचा वंश मात्र तिथेच खुंटला.

आजही कोळवणीत मागणाऱ्याच्या आधी सूप पुढे येते. तो घेतो आणि मुकाट निघून जातो. दही लागते, कणग्याही भरतात. पण त्या दिवसानंतर या गावाला कोणी आशीर्वाद दिलेला नाही, आणि तो मागायची इथे कोणाची छातीही नाही.