कोटाचं टोक

दातांचे डॉक्टर बर्दापूरकर यांना आपल्या हाताचा भारी गर्व. आतलं रडणं ऐकून बाहेर बसलेल्या पोरांची तोंडं उतरायची, डॉक्टर म्हणायचे, "नाटकं असतात सगळी!"

एका कोंदट दुपारी कस्तुरीचा नंबर आला. किडकी दाढ काढायची होती, पण ती तोंडच उघडेना. वडिलांनी डोळे वटारले. कंपाउंडरने तिचे खांदे दाबून धरले.

डॉक्टर गुरकावले, "या खुर्चीत बसून आजवर एकाही पोरानं 'दुखतंय' म्हटलेलं नाही!"

कस्तुरी डोळे पुसत म्हणाली, "तुमचा हात तोंडात असताना म्हणणार कसं?"

वडील खाली बघू लागले.

"मग काय करू म्हणतेस?" डॉक्टरांनी घुश्शात विचारलं.

तिने त्यांच्या पांढऱ्या कोटाचं टोक मुठीत धरलं. "दुखलं की हे ओढीन. तुम्ही थांबायचं." मग तिने आ केला.

तिने ओढलं, तेव्हा डॉक्टरांना थांबावं लागलं. दाढ निघाली, पण एका पोरीनं थांबवलं हे डॉक्टरांच्या मनाला लागलं. पोरांना दुखत नाही हे दाखवून तिला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी पुढच्या प्रत्येक पोराच्या हाती तेच टोक दिलं.

संध्याकाळी त्यांनी कोट उतरवला, तेव्हा ते टोक उसवून लोंबत होतं.